दहा कोटींच्या नोटेवरची बाई

अकरा नंबरचं फाटक, फेलेगीहाझाजवळ
१२ जुलै १९४६

वेरोनिका,

हे पत्र तुझी आई मला लिहायला लावते आहे. ती समोर बसून मी खरंच लिहितोय की नाही ते बघते आहे. वाचता येत नसलं तरी ओळी वाढतात की नाही एवढं तिला कळतं.

काम एवढंच आहे. आज रेल्वेचा पगार घेऊन येणारा गाडीचा डबा येऊन गेला. हल्ली पगार हातात पडला की मी लगेच सायकल काढतो आणि गाव गाठतो, कारण सकाळी त्यात जे येतं ते संध्याकाळी येत नाही. आज नवी नोट दिली. दहा कोटी लिहिलं आहे आणि पुढे 'बी-पेंगो'. पगार वाटणाऱ्या बाबूला विचारलं, हे बी म्हणजे काय. तो म्हणाला, "अंब्रुशकाका, बी म्हणजे बघत बसू नका, पळा."

मी पळतच होतो. टोपी घालायला घरात आलो तेवढ्यात तुझ्या आईने नोट बघायला मागितली. आधी मागची बाजू बघितली. तिथे पार्लमेंटची इमारत आहे. मग तिने नोट उलटी केली आणि हातातल्या पळीसकट बाकावर बसली.

"ही वेरोन आहे," म्हणाली.

मी म्हटलं, "ही रुमाल बांधलेली बाई आहे. आपल्या देशात रुमाल बांधलेल्या बायका काय कमी आहेत?"

"मी रुमाल बघत नाहीये. भुवई बघा. ओठ कसे मिटलेत बघा. राग गिळला की अशीच बसायची ती."

"चित्रकाराच्या मनातली बाई असेल."

"मनात आली कुठून?"

तिचं म्हणणं असं, की नोट नवी म्हणजे चित्र नवं. चित्र नवं म्हणजे लढाई संपल्यावर कुणीतरी तुला बघितलंय. मला त्या नोटेचं मीठ, काडेपेटी आणि यीस्ट आणायचं होतं. तिने दिली नाही. म्हणाली, मीठवाल्याच्या हातात मी तिला द्यायची नाही. आता संध्याकाळ झाली आहे आणि त्या नोटेत काडेपेटीही येणार नाही. ती देवाच्या तसबिरीच्या चौकटीत खोचलेली आहे.

माझं मत विचारशील तर ती तू नाहीस. पण असशील तर तसं लिही, आणि नसशील तर तसं लिही, म्हणजे घरात पुन्हा मीठ येईल. पत्ता तुझ्या जुन्या कार्डावरचा घातला आहे. टपालाचा दर रोज बदलतो, म्हणून पत्र गार्ड सिपोश आपल्या पिशवीतून नेणार आहे. बुडापेश्तला त्याची एक दिवसाआड फेरी असते.

आई म्हणते, खुशाली विचारा. विचारली आहे.

कोल्लार अंब्रुश


अकरा नंबरचं फाटक
१९ जुलै

वेरोनिका,

सिपोश पत्र देऊन आला. सांगत होता, तुमच्या इमारतीची रस्त्याकडची बाजू पडली आहे आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी शेगडी अजून भिंतीला लटकते आहे. अंगणाच्या बाजूला मात्र लोक राहतात. तळमजल्यावर हालुश्का नावाच्या विधवा बाई आहेत, त्यांनी पत्र घेऊन एप्रनच्या खिशात टाकलं. सिपोशने विचारलं, कोल्लार वेरोनिका इथे राहते का. त्या म्हणाल्या, "पत्र द्यायला आलात ना? दिलंत. आता निघा."

हे ऐकून तुझी आई खुलली. "नसती तर बाईने पत्र परत केलं असतं." मला तसं वाटत नाही. चूल पेटवायला कागद मिळणार असेल तर पेश्तमधलं माणूस आज कुणाचंही पत्र घेईल.

इथे जे चाललंय ते तुला कळलं पाहिजे. विहिरीपलीकडची तेर्का आपली तसलीच नोट घेऊन आमची नोट बघायला आली. दोन्ही शेजारी धरल्या. तुझ्या आईने तिच्याकडे ती मागितली. तेर्का हसायला लागली. "घे की बोरीताई. पण एक अंडं दे. फुकट कुणी लेक देतं का?" तुझ्या आईने अंडं दिलं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की फाटकवाल्याची बायको रुमालवालीच्या नोटेला अंडं देते. आता ही नोट कुणी घेत नाही. आमचा पगारसुद्धा कर भरायच्या वेगळ्या पेंगोत होतो. सगळ्या देशात ती नोट विकत घेणारं एकच माणूस उरलंय आणि ते माझ्या घरात आहे. लोक दाराशी येऊन उभे राहतात. एकाने दुसऱ्याच बाईची नोट आणली, डोक्यावर पानांची वेल असलेली. तुझ्या आईने परत केली. "ही कोण? घेऊन जा हिला. सगळ्या देशाच्या पोरी मी सांभाळू का?"

मी विचारलं, हे काय चालवलं आहेस. ती म्हणाली, "तुम्हाला कळायचं नाही. लोक तिला कशाकशाला वापरतायत. कसाई तिच्यात चरबी गुंडाळून देत होता. मी डोळ्यांनी बघितलं."

खुराड्याला कुलूप घालून किल्ली मी खिशात ठेवली आहे. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त रेल्वेचं बोलते. "गाडी आली," एवढंच. नोटांचा गठ्ठा आगोश्टोनचे शर्ट आहेत त्या खणात ठेवलाय. तुझा भाऊ डॉन नदीच्या काठी लढाईत गेला तेव्हापासून त्या खणात आम्ही काही ठेवलं नव्हतं.

काल मी तिला म्हटलं, पेश्तचा वेढा उठल्याला दीड वर्ष झालं, जिवंत असती तर एक ओळ लिहिली असती. ती म्हणाली, "तुम्ही किती लिहिल्यात?"

तेव्हा हे दुसरं पत्र.

कोल्लार अंब्रुश


अकरा नंबरचं फाटक
२७ जुलै

वेरोन,

गुरुवारी, एक तारखेला, मी पेश्तला येतो आहे. फाटकावर त्या दिवसापुरता बदली माणूस मिळाला आहे.

झालं असं. पेश्तहून गाड्यांच्या टपांवर बसून माणसं येतात, खेड्यात वस्तू देऊन खायला घेऊन जातात. काल सिग्नलपाशी गाडी थांबली तेव्हा एक गृहस्थ उतरले. हातात भिंतीवरचं घड्याळ होतं, ते देऊन त्यांना चरबी हवी होती. मी म्हटलं, आमच्याकडे रेल्वेचं घड्याळ आहे, आणखी एक ऐकत बसायची माझी इच्छा नाही. पण ऊन फार होतं, म्हणून त्यांना बाकावर बसवलं. तुझ्या आईने ताक दिलं. तेच म्हणाले, एक तारखेपासून नवं चलन येतंय, फोरिंट. जुनं सगळं रद्दी.

तुझी आई म्हणाली, "मग या नोटांचं काय करतील?"

"लगदा करतील, बाई. मुलांच्या वह्या होतील. काहीतरी उपयोग तर होईल."

ती उठून आत गेली. गृहस्थांनी मला विचारलं, माझं काही चुकलं का. मी म्हटलं, नाही. चरबीचा एक तुकडा दिला आणि घड्याळ त्यांच्याकडेच ठेवायला सांगितलं.

जेवताना ती आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी रेल्वे सोडून बोलली. "तुमच्याकडे पास आहे. नोटा छापतात तिथे जा आणि विचारा, ही बाई राहते कुठे." तिला नाही म्हणून बघितलं. पण या वेळी ती नाही ऐकून घेणार नव्हती.

मी तुमच्याही इमारतीत येईन. मला भेटायचं नसेल तर भेटू नकोस. हालुश्काबाईंपाशी निरोप ठेव, की आहे म्हणून. तेवढं पुरे. ज्या नवऱ्यापायी मी तुझ्याशी बोलणं टाकलं तो ओडन घरी असला तरी आता माझी हरकत नाही. त्याला तसं सांग.

तुझा बाप


बुडापेश्त, हालुश्काबाईंचं स्वयंपाकघर
१ ऑगस्ट

वेरोन,

हे पत्र त्या तुला रविवारी देतील. कागदही त्यांचाच आहे.

आधी आईने सांगितलेलं काम केलं. नोटा जिथे छापतात म्हणून लोकांनी सांगितलं त्या इमारतीपाशी गेलो. दारावर एक म्हातारा पहारेकरी होता. मी टोपीतून नोट काढली तशी त्याने हात वर केला.

"तुमची कोण?" म्हणाला.

"मुलगी."

"सोल्नोकहून एक बाई आली होती, तिची बहीण. परवा एक आजोबा आले होते, त्यांची बायको, तीस वर्षांपूर्वीची. एका पोरीला तिची आई वाटली. दाराला धरून बसली होती, उठेना."

"मग आहे कोण ही?"

"आत कुणी सांगत नाही, काका. मला वाटतं त्यांनाही ठाऊक नसावं. मी सगळ्यांना म्हणतो, दिसली ना, मग झालं. आणखी काय सांगणार मी?"

त्याने मला तंबाखू दिली. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो आणि मग चालायला लागलो.

रस्त्यावर सगळीकडे नोटा पडल्या होत्या. गटारीच्या कडेला ढीग होते आणि माणसं मोठ्या झाडूंनी ते लोटत होती. पुष्कळ तर आमच्या त्याच नोटा. मी काही तुझ्या आईसारखा नाही. ती तू नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रस्ता ओलांडताना मी पाय टाकायला मोकळी जागा शोधत होतो. एक झाडूवाला हसला. "अहो बुवा, चिखल नाहीये तो, पैसे आहेत. तुडवा बिनधास्त." मी फूटपाथवरून वळसा घालून गेलो.

इथे पोचलो, दार वाजवलं. हालुश्काबाईंनी माझ्या टोपीकडे बघितलं. "कोल्लार ना? आलात तर. ती म्हणालीच होती, गुरुवारी येतील, रेल्वेची टोपी घालून येतील."

मी विचारलं, "कोण म्हणाली?"

"कोण म्हणजे काय? वेरोन."

मी पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, बसा. मी बसलो. खरं सांगायचं तर आधीची पत्रं लिहिताना ती कुणाच्या हाती पडतील असं मला वाटत नव्हतं. तुझ्या आईला मी हे कधी बोललो नाही.

त्यांनी घेवड्याचं सूप दिलं. ओडनचं सांगितलं. वेढ्याच्या दिवसांत पाण्याच्या रांगेत उभा असताना गेला म्हणाल्या. चांगला माणूस होता, स्वतःच्या बादलीतलं पाणी आधी त्यांना द्यायचा. मला हे ठाऊक नव्हतं. तू धोबीखान्यात कामाला आहेस आणि दर रविवारी इथे येतेस हेही सांगितलं. तू राहतेस कुठे हे मात्र सांगेनात. "मी शब्द दिलाय. माझ्याकडे द्यायला शब्दाशिवाय काही उरलेलं नाही, तेवढा तरी राखू द्या."

"पण ती घरी का येत नाही?"

"ते तिचं तिला सांगू दे."

मला राग आला. मी म्हटलं, भाऊ गेल्यावर त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली, तिलाही ती आली नाही, तेव्हाही असंच काहीतरी असेल. त्यावर त्यांनी माझ्यापुढची थाळी उचलली. माझं सूप संपलं नव्हतं.

"आली होती," म्हणाल्या. "दोघंही आले होते. माझा काळा कोट घालून गेली होती ती. चर्चच्या कुंपणाबाहेर बर्फात उभे राहिले घंटा संपेपर्यंत. तुम्ही लिहिलं होतंत ना, एकटी ये म्हणून? त्याला बाहेर ठेवून ती आत जाणार नव्हती. आणि त्याला घेऊन आत गेली असती तर तुम्ही सगळ्यांदेखत पाठ फिरवली असती. त्या दिवशी तरी तिला ते नको होतं."

थाळी त्यांनी परत ठेवली. सूप मी संपवलं, पण चव कळली नाही.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने तुम्ही परतला असाल. मिस्सा झाल्यावर मी कामावर गेलो होतो. म्हणजे त्या गाडीला हिरवा दिवा मीच दाखवला. डब्यांत अंधार होता आणि काचांवर बर्फ होतं.

मला आता निघायला हवं. तुला जे सांगायचं असेल ते लिही. आईला मी सगळं वाचून दाखवेन, अर्धं वाचायची मला सवय नाही. आज घरी गेल्यावर तिला काय सांगायचं ते मी ठरवलं आहे. नोटेवरची ती नाही. पण ती आहे.

बाबा


बुडापेश्त
४ ऑगस्ट, रविवार

बाबा,

तुमची सगळी पत्रं पोचली. पहिलं वाचलं तेव्हा अंड्यांपर्यंत गोष्ट गेलेली नव्हती, तरी मी हसले होते. हालुश्काबाई बघतच राहिल्या. मग मी ते घडी करून ठेवलं आणि लिहायला बसले नाही. का ते सांगते.

वेढ्याच्या हिवाळ्यात आम्ही सगळे तळघरात राहत होतो. एकदा हादरा बसला आणि रॉकेलचा दिवा माझ्या अंगावर सांडला. चेहऱ्याची डावी बाजू कानशिलापासून हनुवटीपर्यंत भाजली. डोळा वाचला, त्याने दिसतं. कान थोडा गेला. तेव्हा डॉक्टर नव्हता, कुणी जे सांगेल ते लावलं, त्यामुळे कातडी ओढली गेली आहे आणि तोंड त्या बाजूला नीट मिटत नाही. दुखत नाही आता. थंडीत ताणतं.

ओडन त्यानंतर दोन आठवडे होता. त्या दिवसांत त्याने एकदाही नजर चुकवली नाही. त्याच्याबद्दल मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे.

धोबीखान्यात बरं आहे. वाफेत कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही आणि रुमाल सगळ्याच बांधतात. ट्राममध्ये लोक जागा देतात. लोक वाईट नाहीत. फक्त पहिल्यांदा बघितलं की एक क्षण येतो. डोळे आधी मोठे होतात, मग दुसरीकडे जातात, मग परत येतात आणि माणूस एकदम फार गोड बोलायला लागतो. सगळ्यांचं होतं. मला त्याची सवय झाली आहे. पण आईच्या तोंडावर तो क्षण मला बघायचा नाही. लहानपणी मी दारातून आत आले की ती नुसतं बघून सांगायची, पोट दुखतंय की खोटं बोलतेय. दीड वर्ष मी त्याच एका गोष्टीसाठी लिहिलं नाही. तुमच्या रागाचं कारण होतं, पण ते एवढं मोठं नव्हतं.

पगारात मलाही ती नोट मिळाली होती. तिच्यावर कोण आहे ते मी बघितलंही नव्हतं, साबणाला देऊन टाकली. तुमचं पत्र आल्यावर एका मैत्रिणीकडून मागून आणली आणि आरशासमोर धरली. डावा गाल हाताने झाकला तर आईचं काही फार चुकलेलं नाही. भुवई तशी आहे. ओठही तसे होते. मी मात्र कुणासमोर बसले नव्हते, कुणी माझं चित्र काढलं नाही.

आईला सांगा, वेरोन पेश्तला आहे, कामात आहे, बरी आहे. हवं तर नोटेवरची मीच आहे म्हणून सांगा. अर्धं वाचायची सवय नाही म्हणालात. या वेळी अर्धंच वाचा.

तुम्ही रस्त्यावरच्या नोटांना वळसा घालून गेलात ते मात्र तिला सांगा. तिला बरं वाटेल.

वेरोन


अकरा नंबरचं फाटक
८ ऑगस्ट

चि. वेरोन,

अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. वेढ्याचं आलं तिथून मी उडी मारली आणि थेट ट्राममध्ये लोक जागा देतात तिथे आलो. मग बरी आहे, कामात आहे, आणि खाली सही. कागद घडी केला.

तुझी आई कणीक मळत होती. म्हणाली, "पुढचं वाचा."

"संपलं."

"दोन्ही बाजूंना लिहिलंय. तुम्ही कागद उलटलाच नाहीत. आणि ट्राममध्ये जागा का देतात तिला? म्हातारी झाली का ती?"

मी रेल्वेत तीस वर्षं काढली, पण मला खोटं बोलायला कुणी शिकवलं नाही. मी पहिल्यापासून वाचलं. ती मळत राहिली. दिव्याचं आलं तेव्हा हात थांबले.

"कोणती बाजू?"

"डावी."

तिने कणकेचा हात आपल्या डाव्या गालाला लावला आणि तसाच ठेवला. मी वाचत राहिलो. ओडनचं वाचलं. त्या क्षणाचं तू लिहिलंयस ते वाचलं, तेव्हा म्हणाली, हे पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. डोळे मोठे होतात, मग दुसरीकडे जातात, मग परत येतात.

"असं होतं?" म्हणाली.

"तसं लिहिलंय."

मग म्हणाली, "मग ते मी इथेच उरकते."

हात धुतले आणि घरामागे बाभळींकडे गेली. मी मागे गेलो नाही. मला तिथून आवाज ऐकू येत होता. दुपारची मालगाडी आली, मी फाटक टाकलं, गाडी गेली, फाटक उचललं. ती अजून तिथेच होती. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. गालाला कणीक तशीच लागलेली होती. म्हणाली, "पेश्तची गाडी सकाळी किती वाजता असते?"

वेरोन, या बाईने लग्न झाल्यापासून आपल्या दारावरून जाणारी प्रत्येक गाडी बघितली आहे आणि एकीतही पाय ठेवलेला नाही. जत्रेला गेली तरी बैलगाडीने. मी म्हटलं, रविवारी बदली माणूस घेतो, मी नेतो तुला. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन आलात. आता माझी पाळी."

निघताना मी खण उघडून विचारलं, या नोटा बरोबर न्यायच्या का, तिला दाखवायला.

"कशाला?" म्हणाली. "ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. असू देत तिथेच. तिचं कुणी आलं तर देऊ."

आज सकाळी तिला स्टेशनवर सिपोशच्या हवाली केली आणि सायकलने परत येऊन फाटकावर उभा राहिलो. झेंडा घेऊन ताठ उभं राहायचं असा नियम आहे, तसा होतो. ती तिसऱ्या डब्यात होती. दोन्ही हातांनी बाक धरून सरळ समोर तोंड करून बसली होती, माझ्याकडे बघितलं नाही. गाडी गेली तरी मी फाटक उचललं नाही. टोमॅटोची गाडी घेऊन एक जण खोळंबला होता. "काय रे ए फाटकवाल्या, पुढच्या गाडीसाठीही आत्ताच टाकून ठेवलंस का?" म्हणाला. मग उचललं.

हे पत्र दुपारच्या गाडीने येतंय, म्हणजे तुझ्या हाती पडेल तेव्हा आई तुझ्यासमोर असेल. ती भूक नाही म्हणेल. तिचं ऐकू नकोस, काल दुपारपासून तिने काही खाल्लेलं नाही.

तुझा
बाबा


बुडापेश्त
१२ ऑगस्ट

बाबा,

आई पोचली. कशी पोचली ते ती स्वतः सांगेल आणि पुढची कित्येक वर्षं सांगेल, म्हणून मी फक्त माझ्यापुरतं लिहिते.

सिपोशने तिला हालुश्काबाईंकडे आणून सोडलं. बाईंनी माझा पत्ता द्यायला साफ नकार दिला. आई म्हणाली, "नका देऊ. तुम्हाला कुठे बाहेर जायचं नाहीये का?" बाई म्हणाल्या, आता आठवलं, मला धोबीखान्याकडे काम आहे. आणि निघाल्या. आई मागोमाग. बाई अजून मला शपथेवर सांगतात, "मी शब्द मोडला नाही. मी आपली चालत होते, मागे कोण येतं त्याला मी काय करणार?"

आमची पाळी सुटली. आम्ही सगळ्या एकाच दारातून बाहेर पडतो, सगळ्यांना सारखेच पांढरे रुमाल, सगळ्यांची तोंडं वाफेने लाल. रस्त्यापलीकडे मला आधी हालुश्काबाई दिसल्या आणि मग त्यांच्यामागे आई. मला पळून जाता आलं असतं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत उभी राहिले. म्हटलं, होऊन जाऊ दे.

बाबा, तो क्षण आला नाही. मी बघत होते. आई रस्ता ओलांडून सरळ माझ्यापुढे आली, हनुवटी धरली, डावा गाल उजेडाकडे वळवला आणि नीट बघितला, लहानपणी गुडघा फुटल्यावर बघायची तसा. मग म्हणाली, "कोणत्या गाढवाने औषध केलं याला?" पिशवीतून हंसाच्या चरबीची बरणी काढली आणि दाराशीच, सगळ्या बायकांसमोर, बोटाने गालाला चोळायला लागली. फोरमन बाहेर आला. त्याला म्हणाली, "तुम्ही थांबा जरा. मी लेकीशी बोलतेय." ती काहीच बोलत नव्हती, नुसती चोळत होती. रडले मी. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. मला थोडं वाईटही वाटलं, की हिला काहीच कसं वाटत नाही.

खोलीवर गेलो, ती जेवली, दोन वेळचं एकदम जेवली, आणि झोपली. मग हालुश्काबाईंनी आणून दिलेलं तुमचं पत्र मी उघडलं. बाभळींपर्यंत वाचलं तेव्हा कळलं तो क्षण कुठे गेला ते. ती शेजारी घोरत होती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

आम्ही बुधवारी येतो. गुरुवारी मरियामातेचा सण आहे आणि सणाला ती पेश्तमध्ये राहणार नाही. मी किती दिवस राहीन ते आत्ता सांगत नाही. धोबीखान्यातून आठ दिवसांची रजा मिळाली आहे. आई म्हणते, रजा म्हणजे काय ते तिथे गेल्यावर बघू.

एकच विचारायचं होतं. पेश्तहून येताना आपलं फाटक कोणत्या हाताला लागतं ते मी विसरले. आईला विचारलं तर म्हणते, मी डोळे मिटून बसले होते. सिपोशला विचारेन. ज्या हाताला असेल त्या बाजूच्या खिडकीशी मी बसेन, रुमाल न बांधता.

वेरोन